बटण म्हणजे अर्ज

गेल्या मार्चमध्ये मी माझ्या ट्रकमधली बटणावर चालणारी ट्रान्सफर केस काढून टाकली आणि तिच्या जागी भंगारातून आणलेली, हातानं लिव्हर ओढून चालवायची ट्रान्सफर केस बसवली. दोन वीकएंड गेले, सातशेच्या आसपास डॉलर गेले, डाव्या अंगठ्याचं नख गेलं. ऑफिसात एकानं विचारलं, "म्हणजे तू डाउनग्रेड करायला पैसे मोजलेस?" कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुण्याहून मेसेज आला, "एमएस करून शेवटी गॅरेजवालाच झालास." त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

हसा. पण हसून झाल्यावर माझं म्हणणंही ऐका. जी गोष्ट माणूस हंगामात चार-दोनदा, गाडी थांबवून, विचार करून करतो, तिच्या मध्ये सॉफ्टवेअर आणून बसवणं याला मी प्रगती म्हणायला तयार नाही. आणि बसवलंच, तर ते बाजूला सारायची वाट मालकाच्या हातात असली पाहिजे. मी सॉफ्टवेअर लिहूनच पोट भरतो, त्यामुळे 'याला टेक्नॉलॉजी कळत नाही' हे उत्तर चालणार नाही.

आधी यंत्र समजून घेऊ

मी डेन्व्हरजवळ राहतो. अमेरिकेत पिकअपलाच ट्रक म्हणतात. आपल्याकडचा दहाचाकी, मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेला ट्रक डोळ्यांसमोर आणू नका. माझा ट्रक वीसेक वर्षांचा आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही.

फोर-बाय-फोर गाडीत गिअरबॉक्सच्या मागे एक पेटी असते, ती ट्रान्सफर केस. इंजिनाची ताकद नुसती मागच्या चाकांना द्यायची की साखळीनं पुढच्या चाकांनाही वाटायची, हे ती ठरवते. शिवाय तिच्यात एक जास्तीचा गिअर असतो, 'लो रेंज'. अनेक अमेरिकी पिकअपमध्ये तो २.७२ ला १ असतो. म्हणजे चाकं पावणेतीनपट हळू फिरतात आणि त्याच हिशेबात जोर वाढतो. बर्फाचा चढ, चिखल, दगडगोटे यांच्यासाठी तो असतो. टू-हाय, फोर-हाय, न्यूट्रल, फोर-लो अशा तिच्या चार जागा.

या जागा बदलायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत जमिनीतून वर आलेली लिव्हर ओढायची; ती सळ्यांनी थेट पेटीतला शाफ्ट फिरवते. नव्या पद्धतीत डॅशबोर्डवर बटण किंवा गोल नॉब असतो. तो एका कंट्रोल मॉड्यूलला कळवतो. मॉड्यूल वेग तपासतं, गिअर तपासतं, मग पेटीवर बसवलेल्या मोटरला करंट देतं. मोटर शाफ्ट फिरवते आणि मोटरच्या आतला सेन्सर शाफ्ट किती फिरला ते मॉड्यूलला कळवतो.

गंमत म्हणजे पेटीच्या आत बऱ्याचदा काहीच वेगळं नसतं. फोर्डच्या सुपर ड्युटी आणि डॉजच्या रॅम या ट्रकांत न्यू व्हेंचरच्या २७१ आणि २७३ नंबरच्या पेट्या आल्या. २७१ लिव्हरची, २७३ मोटरची. दोन्हींचा लो रेंज तोच, काम तेच. फरक फक्त शाफ्ट कोण फिरवतं याचा.

त्या संध्याकाळी

फेब्रुवारीत मी आणि माझा रूममेट जंगलखात्याच्या एका कच्च्या रस्त्यानं वर गेलो होतो. उंची दहा हजार फुटांच्या आसपास. परतताना एका चढावर चाकं घसरायला लागली. मी शिस्तीत थांबलो, गिअर न्यूट्रलला घेतला, फोर-लोचं बटण दाबलं. खालून मोटरचा घरघराट आला आणि अर्ध्यातच थांबला. बटणावरचा दिवा लुकलुकत राहिला. डॅशबोर्डवर सर्व्हिसची सूचना उमटली.

मी गिअर ड्राइव्हला टाकला. इंजिन ओरडलं, ट्रक हलला नाही. हलला तो मागे, उतारावर.

आता ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण चारचाकी चालवणाऱ्या बहुतेकांना ती माहीत नसते. ट्रान्सफर केस न्यूट्रलला अडकली की गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंधच तुटतो. मग ऑटोमॅटिक गिअर 'पार्क'ला टाकला तरी गाडी थांबत नाही, कारण पार्कचं कुलूप गिअरबॉक्सच्या आत असतं आणि चाकं त्याच्यापासून सुटलेली असतात. उरतो तो हँडब्रेक. मी तो जिवाच्या आकांतानं ओढला. रूममेटनं उतरून मागच्या चाकांखाली दगड सरकवले.

फोनला रेंज नव्हती. बाहेर उणे बारा. फ्यूज काढून घातला, बॅटरीची वायर सोडून जोडली, इंजिन बंद-चालू केलं. आपल्या धंद्यात 'रीस्टार्ट करून बघ' म्हणतात ते सगळं केलं. मॉड्यूल ढिम्म.

शेवटी मी ताडपत्री अंथरून ट्रकखाली शिरलो. मोटर पेटीला मोजक्या बोल्टांनी जोडलेली होती. बधिर बोटांनी ते काढायला अर्धा तास लागला. मोटर बाजूला झाली आणि मागे शाफ्टचं टोक दिसलं, दोन बाजूंनी चपटं. त्याला पाना लावला, हळूच फिरवला. 'टक्' असा आवाज आला आणि फोर-हाय बसला.

कुठलाच भाग मोडलेला नव्हता. साखळी ठीक, गिअर ठीक, तेल ठीक. माझ्या मनगटाच्या जोरानं जे काम दोन सेकंदांत झालं, त्यासाठी आम्ही दीड तास गोठत बसलो होतो. घरी येऊन मोटर उघडली तेव्हा कळलं की सेन्सरचे संपर्क झिजले होते. शाफ्ट कुठे आहे ते मॉड्यूलला वाचता येईना, म्हणून त्यानं मोटर जिथल्या तिथे थांबवली. ती जागा नेमकी न्यूट्रल होती.

हा कोड मीही लिहिलाय

हे वाचून एखादा प्रोग्रामर म्हणेल, मॉड्यूल बरोबरच वागलं. स्थिती माहीत नसेल तर काही करू नये. मीही तेच लिहिलं असतं. खरं तर लिहिलंय.

मी ज्या टीममध्ये आहे ती घरांची इलेक्ट्रॉनिक कुलपं चालवणारं सॉफ्टवेअर लिहिते. किल्लीचं भोक नाही, फोननं उघडायचं. बोल्ट आत आहे की बाहेर हे सेन्सरला सांगता आलं नाही, तर कुलूप मोटर फिरवत नाही आणि एरर दाखवतं. तो नियम माझा आहे. मागच्या हिवाळ्यात एका वयस्कर गृहस्थाची तक्रार आली होती. थंडीत कुलूप अडलं, ते तीन तास शेजाऱ्यांकडे बसून राहिले. मी लॉग पाहिले, सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. तिकिटावर लिहिलं, 'अपेक्षेप्रमाणे काम करत आहे', आणि बंद केलं. त्या दिवशी मला झोप छान लागली.

ट्रकखाली पडल्यापडल्या मला ते तिकीट आठवलं. माझ्या डोक्यावरचं मॉड्यूलही अपेक्षेप्रमाणेच काम करत होतं. प्रश्न असा की अपेक्षा कोणाची? टेबलावर बसलेल्याची. हीटर चालू असलेल्या खोलीत 'काही करू नये' हा सुरक्षित पर्याय असतो. उतारावर न्यूट्रलमध्ये तो सगळ्यात धोक्याचा पर्याय असतो. आणि डोंगरातल्या माणसाला तो बदलायची सोय आम्ही ठेवलेली नसते, कारण आमच्या मते तोच सिस्टिममधला सगळ्यात बेभरवशाचा भाग.

लिव्हर काय सांगते

बटण दाबणं म्हणजे अर्ज करणं. अर्ज मंजूर झाला की दिवा पेटतो. नामंजूर झाला तर कारण कळेलच असं नाही. फाइल कुठल्या टेबलावर अडली हे बघायला सर्व्हिस सेंटरला जायचं, त्यांच्या स्कॅनरला विचारायचं. सरकारी कचेरीला नावं ठेवणारे आम्ही इंजिनिअर तिचीच प्रतिकृती डॅशबोर्डमागे बसवतो आणि तिला 'युजर एक्स्पीरियन्स' म्हणतो.

लिव्हर हुकूम देते, आणि त्याच वेळी बातमीही देते. ती फोर-लोच्या खाचेत आहे तर पेटी फोर-लोमध्ये आहे. दात जुळत नसतील तर तळहाताला खरखर लागते; गाडी इंचभर पुढे घेतली की लागतो. यंत्राची स्थिती ज्या वस्तूतून कळते तीच वस्तू ती बदलते.

ही काही हौशी लोकांची कविकल्पना नाही. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची विनाशिका 'जॉन एस. मॅकेन' एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक मेले. टचस्क्रीनवरून सुकाणूचा ताबा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेला होता. चालवणाऱ्यांना वाटलं सुकाणूच बंद पडलं. २०१९ मध्ये नौदलानं ठरवलं की विनाशिकांवर टचस्क्रीनऐवजी पुन्हा हातानं सरकवायचे थ्रॉटल बसवायचे. जगातल्या सगळ्यात श्रीमंत नौदलानं केलं ते 'डाउनग्रेड'च.

दुसरं उदाहरण तर थेट माझ्या पेटीचंच. जून २०१४ मध्ये जनरल मोटर्सनं अमेरिकेतल्या सुमारे ३ लाख ९२ हजार फोर-बाय-फोर पिकअप आणि एसयूव्ही परत बोलावल्या. कारण ट्रान्सफर केस चालकानं काहीही न करता इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं न्यूट्रलला जाऊ शकत होती. चालती गाडी ताकद गमावू शकते, उभी गाडी उतारावरून घरंगळू शकते. दुरुस्ती काय केली? सॉफ्टवेअर बदललं. लोखंडात दोष नव्हताच.

नुसता लिव्हरचा आकार असून भागत नाही, हेही सांगायला हवं. २०१६ मध्ये फियाट क्रायस्लरनं अकरा लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. त्यांतला गिअर सिलेक्टर लिव्हरसारखा दिसायचा, पण सोडला की मधल्या जागी परत यायचा. गाडी पार्कमध्ये गेली की नाही हे हाताला कळत नसे. त्याच वर्षी अँटन येल्चिन हा तरुण अभिनेता आपल्याच घराच्या उतारावर, घरंगळत आलेल्या अशाच गाडीनं चिरडून मेला. ती लिव्हर म्हणजे लिव्हरच्या वेषातलं बटण होतं.

अदलाबदल: जाहिरात नाही, हिशेब

आता कुणी लगेच पाना घेऊन गाडीखाली शिरू नये म्हणून खरा हिशेब देतो. नवी पेटी जुन्या गिअरबॉक्सला बसायची तर मधल्या शाफ्टच्या दात्यांची संख्या जुळावी लागते. एकाच कंपनीच्या एकाच सालच्या ट्रकांतही ती वेगळी असू शकते. पेटीची लांबी बदलली तर प्रोपेलर शाफ्ट कापावा किंवा बदलावा लागतो. स्पीडोमीटरचा सेन्सर जुन्या पेटीवर असेल तर नवीवरही तसाच लागतो, नाहीतर वेगाचा काटा मरतो आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बावचळतो. केबिनच्या पत्र्याला भोक पाडावं लागतं. काही ट्रकांत पुढचा अ‍ॅक्सल जोडायला वेगळी मोटर असते, तिला साध्या स्विचनं करंट द्यावा लागतो. माझ्यात ती भानगड नव्हती. आणि जुना 'ऑटो' मोड कायमचा जातो, म्हणजे निसरडं लागलं की गाडीनं आपणहून पुढची चाकं जोडण्याची सोय संपते. कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये वळण घेतलं की सगळी साखळी ताणली जाते, हे आता मला लक्षात ठेवावं लागतं.

शिवाय नवीन गाड्यांत हे जवळपास अशक्य होत चाललंय. ट्रान्सफर केसचं मॉड्यूल ब्रेकच्या, इंजिनाच्या मॉड्यूलशी सतत बोलत असतं. एकाला गप्प केलं की बाकीचे बोंब मारतात. माझ्या वीस वर्षांच्या ट्रकमध्ये जे दोन वीकएंडांत झालं, ते आजच्या ट्रकच्या मालकाला वीस वर्षांनी करता येणार नाही. माझी खरी चिडचिड इथे आहे. अदलाबदल करावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. ती करायची शक्यताच कुणीतरी परस्पर काढून घेतली, हे मला मान्य नाही.

'मग एबीएसही काढून टाक'

हा टोमणा मला रोज बसतो. नाही, काढणार नाही. एबीएस सेकंदात अनेकदा ब्रेक सोडतं-दाबतं; माझा पाय ते करू शकत नाही. गाडी घसरायला लागल्यावर एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावणं हे तर माणसाला जमणारंच नाही. जिथे निर्णय माणसाच्या हाताच्या वेगाबाहेरचा आहे तिथे सॉफ्टवेअरनं खुशाल राज्य करावं. मी तिथे आनंदानं प्रजा आहे. पण फोर-लो टाकताना गाडी जवळपास उभी असते आणि चालकाकडे मिनिटभर वेळ असतो. तिथे मिलिसेकंद वाचवून कुणाचं काय भलं झालं?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. लिव्हरला जोर लागतो. माझ्या आईचे खांदे दुखतात. तिला ती ओढता येणार नाही. बटणामुळे ज्यांना गाडी वापरता आली त्यांची बटणं काढून घ्या असं म्हणणं हा माजोरडेपणा होईल, आणि 'खरे मर्द लिव्हर ओढतात' छापाच्या लोकांशी माझं काही देणंघेणं नाही. लिव्हरही बिघडते: सळ्यांचे बुश झिजतात, गिअर निसटतो. पण तो बिघाड महिनोन्महिने हाताला जाणवत येतो आणि पान्यानं दुरुस्त होतो.

म्हणून माझी मागणी बटण हटवा अशी नाहीच. बटणामागे हाताची वाट ठेवा. ती ठेवता येते. फोर्डच्या सुपर ड्युटीत फोर-बाय-फोरचा नॉब आहे, आणि पुढच्या चाकांच्या हबवर हातानं फिरवायची चकतीही आहे. ऑटो जमलं नाही तर उतरून 'लॉक'वर फिरवा. प्रवासी विमानाची चाकं नेहमीच्या यंत्रणेनं उतरली नाहीत तर ती खाली सोडायची पर्यायी सोय असते. माझ्या ट्रकच्या मोटरवर बाहेरून पाना लागेल असा एक षटकोनी खिळा दिला असता, तर दीड तासाचं काम दोन मिनिटांचं झालं असतं. तो दिला नाही, कारण ट्रकचा मालक ट्रकखाली शिरेल ही कल्पनाच डिझाइनमध्ये नव्हती.

हे फक्त अमेरिकेचं नाही

पोलादपूरकडच्या माझ्या मामाकडे जुनी जीप होती. मेन गिअरशेजारी दोन छोटे दांडे, एक पुढची चाकं जोडायला, एक लो टाकायला. पावसाळ्यात तांबड्या चिखलात मामा ते नुसत्या हाताच्या अंदाजानं टाकायचा, नजर रस्त्यावर. मार्चमध्ये व्हिडिओ कॉलवर त्याला सगळी कथा सांगितली. तो शांतपणे म्हणाला, "अरे, पण गाडी चांगली होती ना? मग तुला अडवलं कुणी?" इतका अचूक बग रिपोर्ट मला आजवर कुणी दिलेला नाही.

आज भारतात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी विकल्या जातात. नाशिकला बनणाऱ्या तीन दारांच्या थारमध्ये लिव्हर आहे, जिम्नीतही आहे. चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनची फोर-बाय-फोर व्यवस्था इलेक्ट्रॉनिक आहे. शोरूममध्ये सनरूफबद्दल दहा प्रश्न विचारणाऱ्यांनी एक अकरावा विचारावा: हे बटण डोंगरात बंद पडलं तर मी हातानं काय करू शकतो? सेल्समनकडे उत्तर नसेल. पण पुरेशा लोकांनी विचारलं की प्रश्न वर जातो.

तो गेल्याची उदाहरणं आहेत. ट्रॅक्टर आपल्याच शेतात दुरुस्त करायला कंपनीच्या सॉफ्टवेअरची परवानगी लागते म्हणून इथले शेतकरी वर्षानुवर्षं भांडले. २०२३ मध्ये आमच्या कोलोराडो राज्यानं कायदा केला: शेतीयंत्रांच्या कंपन्यांनी दुरुस्तीची साधनं, सुटे भाग आणि माहिती मालकांना दिली पाहिजे. १ जानेवारी २०२४ पासून तो लागू आहे. ही मंडळी टेक्नॉलॉजीच्या विरोधात नव्हती. त्यांच्या ट्रॅक्टरांत जीपीएस आहे. कापणीच्या दिवशी यंत्र कुणाचं ऐकणार, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

माझ्या ट्रकमध्ये आता सीटशेजारी काळ्या गोळ्याची एक लिव्हर आहे. भोकाभोवतीचं रबर नीट बसलेलं नाही, थंड वारा पायाला लागतो. ते एकदा दुरुस्त करायचंय.

ऑफिसात मी ते बंद केलेलं तिकीट पुन्हा उघडलंय. मजकूर बदललाय: 'अपेक्षा चुकीची होती. कुलपाला बाहेरून हातानं उघडायची सोय हवी.' प्रॉडक्ट मॅनेजरनं खाली विचारलंय की किल्लीचं भोक दिल्यानं डिझाइन जुनाट दिसणार नाही का. मी उत्तरात त्या गृहस्थांचे तीन तास लिहिलेत. अजून कुणी काही बोललेलं नाही. तिकीट मात्र मी बंद करणार नाही.